सदतीस नंबरचा रंग

नाना,

तोंडाने मी तुम्हाला जन्मभर 'तू'च म्हणत आले. आपल्या घरातल्या अहिराणीत बापाला 'तू' म्हटल्याने कुणाचा मान कमी झाला नाही. पण हातात पेन आलं की 'तुम्ही' होतं. ही शाळेने लावलेली सवय, आणि तुम्ही तिला हसायचात. विलायतेहून आलेलं माझं पहिलं पत्र वाचून तुम्ही आईला विचारलं होतं म्हणे, "हे कोणाच्या नानाला लिहिलंय?" आजही हवं तर थोडं हसून घ्या, आणि मग ऐका.

काल शेवटचे पाहुणे गेले. आईने सकाळी सवयीने तुमचा डबा काढला, फडक्याने पुसला आणि परत फडताळात ठेवला. या तेरा दिवसांत जो आला त्याने एकच सांगितलं: मास्तरांनी पोरीला विलायतेला शिकायला पाठवलं. मी मान हलवत राहिले. खरं म्हणजे तुम्ही मला पाठवलं नव्हतं. शिष्यवृत्ती मी मिळवली होती, आणि तुम्ही तर शेवटपर्यंत "जायलाच पाहिजे का?" असं विचारत होतात. मला तुमचा अभिमान आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. सतरंजीवर बसलेल्या माणसांना दोन वाक्यांत सांगण्यासारखी ती नव्हती. म्हणून लिहिते आहे.

सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तुम्ही रंगमास्तर होतात. व्यापारी बोटाएवढा तुकडा पाठवायचा, असा रंग पाहिजे म्हणायचा, आणि तो रंग कशात काय मिसळून काढायचा ते तुम्ही ठरवायचात. लॉट रंगून निघाला की कोपऱ्यातून दोन बोटं कापड कापायचं, वहीत चिकटवायचं, शेजारी नंबर आणि कृती लिहायची, मगच तो लॉट बाहेर. बाकीचे त्याला सँपल म्हणत. तुम्ही नमुना म्हणायचात. नमुना कापल्याशिवाय लॉट सोडायचा नाही, हा तुमचा नियम घरातही चाले. आईने लोणच्याची नवी बरणी उघडली की जुन्यातल्या चार फोडी बाजूला काढून ठेवायला लावायचात, चव ताडून बघायला. आई म्हणायची, "घरात एक नमुना आहे तेवढा पुरे झाला."

माझ्या प्रबंधाचा विषय मी तुम्हाला सांगितला. खानदेशातून सुरतेत आलेले रंगकामगार रंगांना काय नावं देतात, गावाकडचे शब्द, गुजराती शब्द, हिंदी शब्द यांची सरमिसळ कशी होते, असा तो विषय. मग म्हणालात, "रंगाची नावं विचारायला विलायतेला कशाला जायला लागतं? मला विचार."

"तुला विचारून काय उपयोग? तुला नुसते नंबर पाठ."

"मग? नाव फसवतं. एकाचा आमसुली तो दुसऱ्याचा वांगी. नंबर फसवत नाही."

"पण नाना, माणूस नंबराने बोलतो का?"

"रंग बोलतो."

हा वाद आपण कधी संपवला नाही. पण त्याच आठवड्यात तुम्ही वहीतले चाळीस रंग निवडले, प्रत्येकाचे दोन-दोन तुकडे कापलेत, एक संच पुठ्ठ्यांवर चिकटवून मला दिलात आणि दुसरा वेगळ्या वहीत लावून स्वतःकडे ठेवलात. एक ते चाळीस नंबर तुमच्या अक्षरात. त्या उन्हाळ्यात मी मिलच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले आणि तीस कामगारांना एकेक तुकडा दाखवून विचारलं, याला काय म्हणता? मास्तरांची मुलगी म्हणून ते अंग चोरून बसत आणि शाळेत उत्तर द्यावं तशी उत्तरं देत. मला वाटलं, माहिती छान गोळा होते आहे.

सहा वह्या भरल्या. उधन्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जागा मिळेल तसं बसून मी त्या सगळ्या टाइप केल्या आणि एका फ्लॉपीत भरल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी रद्दी घेणारा पस्तीवाला आला तेव्हा सामान आवरताना त्या सहा वह्याही त्याच्या काट्यावर ठेवल्या. तुम्ही ड्यूटीवरून आलात, हात धुतलेत आणि कोपऱ्यातली रिकामी जागा बघून विचारलंत, "वह्या?"

"दिल्या पस्तीत. सगळं कॉम्प्युटरात गेलंय, नाना."

"नमुना ठेवला का?"

"फ्लॉपी आहे ना."

तुम्ही ती फ्लॉपी हातात घेतलीत, दोन्ही बाजूंनी पाहिलीत, उजेडाकडे धरलीत. "यात काही दिसत नाही," म्हणालात. मी हसले. एम. ए. झालेली, विमानाचं तिकीट हातात असलेली मुलगी सातवी पास बापाला जशी हसेल, तशी हसले. त्या हसण्याबद्दल मी तुमची माफी कधी मागितली नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण सगळं ठाऊक नाही. तिकडे गेल्यावर मी ती माहिती विभागाच्या कॉम्प्युटरवर चढवली. फ्लॉपी रिकामी करून तिच्यावर प्रबंधाची प्रकरणं भरली, कारण प्रकरणं मौल्यवान वाटत होती. कामगारांची उत्तरं काय, ती मशीनमध्ये आहेतच. प्रबंध द्यायला पाच आठवडे राहिले असताना एका दुपारी मशीनमधून नखाने पत्रा खरवडावा तसा आवाज आला आणि पडदा काळा झाला. दुरुस्तीवाला मशीन घेऊन गेला. तीन दिवसांनी परत आला आणि आपल्याकडे डॉक्टर बाहेर येऊन मान हलवतात तशी त्याने मान हलवली.

तीस माणसांची उत्तरं गेली. त्यांच्याशिवाय माझी प्रकरणं म्हणजे खाली जमीन नसलेलं घर. मुदत वाढवून मागता येत होती, पण शिष्यवृत्ती त्याच सुमारास संपत होती आणि तिच्याबरोबर तिथे राहण्याची परवानगीही. मी दोन दिवस खोलीत चहा आणि पाव यावर बसून राहिले. मग एक वाट सुचली. उत्तरं मी इतक्यांदा वाचली होती की बरीचशी पाठ होती. सात नंबर मोरपंखी, बारा नंबर कोणी कोकमी कोणी आमसुली, एकोणीस बदामी. पुन्हा लिहून काढली असती तर कोणाला कळणार होतं?

तो विचार मनात पक्का करूनच मी फोन लावला. परवानगी मागायला नव्हे, नुसता तुमचा आवाज ऐकायला. माझ्याकडे दुपार होती, तुमच्याकडे दिवेलागण. मिलच्या ऑफिसात फोन लागला, कोणीतरी तुम्हाला बोलवायला गेलं, मागून मशीनची घरघर ऐकू येत होती. तुमचा "हां" आला आणि माझं शिक्षण गळून पडलं.

"नाना, बठ्ठं गयं." सगळं गेलं.

"काय गयं?"

मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, "नमुना ठेवेल शे का?" नमुना ठेवला आहे का?

नाही म्हणाले, आणि रडले. तुम्ही मला टोचून बोलू शकला असतात. पस्तीवाल्याचं नाव काढू शकला असतात. तुम्ही म्हणालात, "कपडा शे. मानसं शेतस. मंग रडस काब्र?" कापड आहे, माणसं आहेत, मग रडतेस कशाला? हे तुम्ही असं विचारलंत, की खरंच उत्तर हवं होतं तुम्हाला.

मी म्हणाले, आता वेळ नाही, मला पुष्कळसं आठवतंय, आठवून लिहून काढते. पलीकडे घरघर चालू राहिली. मग तुम्ही अहिराणी सोडून मिलमधल्या मराठीत बोललात. कामाची गोष्ट तुम्ही कायम त्याच भाषेत बोलायचात.

"आठवणीतून शेड काढायची नसते, बाई. माझ्यासारख्यानेही नाही. तुकडा समोर नसला तर मास्तरही चुकतो, आणि चुकलं ते त्याला कळतसुद्धा नाही. दहा दिवस दे मला."

फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा तुमचा राग आला. बारा तासांच्या पाळ्या, तीस माणसं, चाळीस रंग. हा माणूस काय करणार? असा माझा तुमच्यावरचा विश्वास होता, नाना. लिहायला लाज वाटते, पण हा कागद खोटं लिहायला घेतलेला नाही.

त्या दिवसांत तुम्ही काय केलंत ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. शांतारामभाऊंनी सांगितलं, मी परत आल्यावर. तुमच्या हाताखाली कापड रंगवायचं जेट मशीन चालवणारे, शिरपूरकडचे शांतारामभाऊ. म्हणाले, "मास्तर रोज जेवणाच्या सुट्टीत आणि पाळी बदलताना दारात बसायचे, ती नमुन्यांची वही मांडीवर घेऊन. एकावेळी एक माणूस. दुसरा जवळ आला तर हाकलायचे. म्हणायचे, तू ऐकलंस तर तू त्याचंच उत्तर देशील." हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं? मला दोन वर्षं वर्गात बसून शिकावं लागलं होतं.

आणि ट्यूबलाइटखाली एकालाही विचारलं नाहीत. रात्रपाळीची माणसं सकाळी सुटल्यावर थांबवून घेतलीत, ऊन दारात येईपर्यंत. "ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो." एका दिवशी आभाळ भरून आलं तेव्हा त्या दिवशीची चार माणसं दुसऱ्या दिवशी परत बसवलीत. शांतारामभाऊ म्हणाले, "आम्ही वैतागलो होतो, ताई. मी म्हटलं, मास्तर, लाल तो लालच ना, ढग असला म्हणून काय झालं? तर म्हणे, तुझी बायको ढगात बघितली होतीस का पसंत करताना?"

नवव्या दिवशी विभागाच्या ऑफिसातल्या बाईंनी मला बोलावलं. फॅक्स मशीनमधून गुळगुळीत कागदाची गुंडाळी निघत होती आणि जमिनीवर लोळत होती. तुमचं अक्षर. काना सरळ, मात्रा तिरकी. प्रत्येक पानावर माणसाचं नाव, गाव, सुरतेत किती वर्षं, तारीख, आणि त्याखाली एक रकाना जो माझ्या वह्यांत नव्हता: "उजेड". त्यात लिहिलेलं: चांगला. चांगला. ढग, परत विचारले. चांगला.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी तो रकाना समजावून सांगितला तेव्हा त्यांनी विचारलं, हा संशोधक कोण? मी सांगितलं. सातवी पास, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या बाकीच्या विद्यार्थ्यांना ते शिकवतील का, विचार." हे मी तुम्हाला पत्रातून कळवलं होतं. तुमचं उत्तर आलं होतं: "सुट्टी मिळणार नाही."

पण मुख्य गोष्ट सदतीस नंबरची. त्या रंगाला धड नाव नाही. मातीकडे झुकणारा, राखेचा, पण राखाडी नव्हे. मूग भिजवलेलं पाणी थोडं, ओली वीट थोडी. माझ्या वहीत तीसही जणांनी त्याला "राखाडी" म्हटलं होतं, आणि एकमताचा हा एकच रंग म्हणून मी त्याच्यावर चांगली दोन पानं लिहिली होती. तुमच्या फॅक्सवर पहिल्या पानावर सदतीसपुढे लिहिलं होतं: "मास्तर". दुसऱ्या पानावर "मास्तर". तिसऱ्यावर "राखाडी", मग पुन्हा "मास्तर", "मास्तर". तिसांपैकी सव्वीस.

मी ऑफिसच्या जमिनीवर बसून मोजलं. मिलमध्ये तुमच्या पाठीमागे लोक त्या रंगाला तुमचं नाव देऊन बसले होते. तुमच्या सदऱ्याचा रंग. वर्षानुवर्षं सगळ्या रंगांचे शिंतोडे उडून आणि धुऊन धुऊन त्याला जो एक रंग आला होता, तो. मला, तुमच्या मुलीला, ते सांगायला लाजले आणि सगळ्यांनी ठरवून राखाडी म्हटलं. आठवणीतून लिहिलं असतं तर मी ते खोटं पाठ म्हटलं असतं, अगदी बिनचूक.

पण तुमच्या तोंडावर तरी ते कसं बोलले? शांतारामभाऊ सांगताना अजून ओशाळतात. "मी राखाडी म्हटलं. मास्तरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, शांताराम, काल तीन नंबरच्या जेटवर कुठला रंग चढलाय म्हणून ओरडत होतास? मी हात पुसायला लागलो. म्हणाले, मला वीस वर्षं ऐकू येतंय, बहिरा नाही मी. खोटं लिहून पोरीचा अभ्यास बुडवू का? बोल, काय म्हणता याला. मी खाली मान घालून म्हटलं, मास्तर. त्यांनी लिहिलं. मग विचारलं, का म्हणता? मी म्हटलं, सगळे रंग एकात घातले की हा होतो. तेही लिहिलं. चेहऱ्यावर काही नाही. अडतीस नंबर, म्हणाले."

स्वतःची थट्टा सव्वीस वेळा स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, नाना. पुस्तकांतही नाही, आणि पुस्तकं मी बरीच वाचली आहेत.

फॅक्सपाठोपाठ पोस्टाने पाकीट आलं. त्यात सगळ्या पानांची कार्बन प्रत होती, कारण फॅक्सवाल्याकडचा कागद हातात घेऊनच तुम्हाला कळलं होतं की त्याचा रंग पक्का नाही. (तुमचं खरं ठरलं. तो कागद आज जवळपास कोरा झालाय.) सोबत चार ओळींची चिठ्ठी होती: "सदतीसला पहिल्या वेळी लोक तुझ्यासमोर लाजले असतील. आता खरा शब्द लिहिला आहे. फॅक्समधून कपडा जात नाही, शब्द जातो. म्हणजे तुझं म्हणणं थोडं बरोबर आहे. थोडंच. जेवत जा."

प्रबंध वेळेवर गेला. राखाडीची दोन पानं फाडली आणि त्या जागी आठ लिहिली. परीक्षकांनी त्याच आठ पानांवर सगळ्यात जास्त प्रश्न विचारले.

परत आले तेव्हा आपल्या भेस्तानच्या घरात, ओट्यावर बसून, बांधलेला प्रबंध तुमच्या मांडीवर ठेवला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी तुम्ही पान न् पान उलटलंत. शेवटच्या तक्त्याशी थांबलात. "हे एक, दोन, तीन काय आहे?"

"माणसं आहेत, नाना. कामगार क्रमांक एक, कामगार क्रमांक दोन."

"नावं कुठायत? मी तर नावं पाठवली होती."

"नावं छापायची नसतात. नियम आहे. त्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"शांताराम कितवा?"

"अकरा."

तुम्ही प्रबंध मिटलात. "रंगाला नंबर असतो, बाई. माणसाला नाव असतं. तू उलटं केलंस." आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोललात. मी नियमाची बाजू घेऊन पुष्कळ भांडले. आजही वर्गात मुलांना तोच नियम शिकवते, आणि तो चुकीचा नाही. पण तुम्ही चुकत होतात असंही मला कधी म्हणता आलं नाही. हा वाद आपण पुढे कधीतरी बोलू म्हणून ठेवून दिला होता.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. दुपारी शांतारामभाऊ आणि मिलमधली सहा माणसं आली. हातात घडी घातलेलं कापड. शांतारामभाऊंनी ते उलगडलं. तो रंग मी ओळखला. सकाळी बातमी कळल्यावर त्यांनी एक जेट थांबवून, तुमच्याच वहीतली कृती काढून, चार तासांत ते रंगवून आणलं होतं. अजून कोमट होतं.

अमळनेरहून आलेले काका पुढे झाले. "अरे, पांढरं लागतं. हा कसला रंग?"

"काका, खाली पांढरं राहू द्या. वरून हे," शांतारामभाऊ म्हणाले.

"पण हा रंग तरी कोणता म्हणायचा?"

सातही माणसं खाली बघायला लागली. तुम्ही समोर होतात ना. गेलात तरी तुमच्यासमोर ते बोलेनात.

आई तुमच्या पायाशी बसली होती. ती म्हणाली, "मास्तर म्हणतात त्याला. तीस वर्षं मी तोच धुतेय."

कोणीतरी हुंदका दिला आणि कोणीतरी हसलं. मला वाटतं दोन्ही शांतारामभाऊंनीच. त्यांनी कापड तुमच्यावर घालायला उचललं आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "थांबा." इतक्या मोठ्याने मी कधी बोलत नाही. सगळे बघायला लागले. काकांना वाटलं मीही आता पांढऱ्याचाच हट्ट धरणार. मी आत जाऊन आईच्या शिवणाची कात्री आणली. शांतारामभाऊंना एका क्षणात कळलं. त्यांनी कोपरा ताणून धरला. मी दोन बोटं कापड कापलं, आणि मग म्हटलं, आता सोडा.

ती चाळीस रंगांची वही आत्ता माझ्यासमोर आहे. चाळीसच्या पुढची पानं कोरी होती. आज सकाळी, ऊन ओट्यावर आल्यावर, मी तिथे बसून तो तुकडा चिकटवला. आधी सदतीस नंबरच्या शेजारी धरून ताडून पाहिला. किंचित गडद आलाय. घाईत काढला ना त्यांनी. तुम्ही परत करायला लावला असतात. नंबराच्या जागी काही लिहिलं नाही. खाली लिहिलं: मास्तर. त्याखाली, काढणारे: शांताराम, आणि मग त्या सहाही जणांची नावं, पूर्ण, गावासकट. उजेड: चांगला.

नाना, नमुना ठेवेल शे.